फोटोची मर्यादा केबीत कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरभरतीचे अर्ज सुरू झाले की ‘फोटो ५० केबीपेक्षा लहान हवा’ या अटीपायी उमेदवार झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजतात, नाहीतर कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावर आपला फोटो, सही आणि गुणपत्रिका चढवून लहान करून घेतात. सर्व्हरवर ताण नको, हे कारण दिले जाते. पण फोटोचा आकार बदलताना सर्व्हरची मेमरी केबीच्या हिशेबाने जात नाही, पिक्सेलच्या हिशेबाने जाते.

जेपीईजी फाइल दाबून साठवलेली असते. आकार बदलण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी लागते, आणि संकेतस्थळांसाठीच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेसोबत सर्रास वापरली जाणारी, चित्रांवर काम करणारी जीडी लायब्ररी (तयार कोडचा संच) त्यासाठी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट घेते. ४०००×३००० पिक्सेलचा तीन-चार एमबीचा फोटो उलगडल्यावर ४६ एमबी होतो. फोनमध्ये ४८ मेगापिक्सेल निवडून काढलेला ८०००×६००० चा फोटो १८३ एमबी होतो. पीएचपीची मेमरीची मूळ मर्यादा १२८ एमबी आहे. एकाचा फोटो चढतो आणि दुसऱ्याला कोरे पान दिसते, ते बहुधा यामुळेच. स्कॅनचेही तसेच: ए-४ गुणपत्रिका ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३३ एमबी घेते, ६०० डीपीआयला १३३. स्कॅन कृष्णधवल केल्याने मेमरी वाचत नाही, कारण करड्या जेपीईजीलाही जीडी ४ बाइटच देते. उलट १५,०००×१५,००० पिक्सेलची कोरी, दोनरंगी पीएनजी ५० केबीच्या आत आरामात बसते आणि उघडताच, पिक्सेलला एकच बाइट धरूनही, २०० एमबीच्या वर जाते. म्हणजे केबीची अट प्रामाणिक उमेदवाराला अडवते आणि खोडसाळ माणसाला वाट मोकळी ठेवते.

उपाय अवघड नाही. फाइल उघडण्याआधी ‘गेटइमेजसाइझ’ने तिची लांबी-रुंदी वाचावी. हे फंक्शन फक्त शीर्षभाग वाचते, चित्र उलगडत नाही. मूळ आणि नव्या चित्राचे पिक्सेल मिळवून चारने गुणावे, वर चौथाई भर धरावी. आकडा शिल्लक मेमरीत बसत नसेल तर तिथेच थांबून उमेदवाराला मराठीत स्पष्ट संदेश द्यावा. मर्यादा ओलांडल्यावर येणारी चूक ‘ट्राय-कॅच’ या चूक सांभाळण्याच्या रचनेत पकडता येत नाही, स्क्रिप्ट जागीच मरते. म्हणून तपासणी आधीच हवी.

दुसरी हमखास चूक क्रमाची. फोनचा फोटो आडवा दिसतो म्हणून आधी फिरवला जातो आणि मग लहान केला जातो. फिरवताना पूर्ण आकाराची दुसरी प्रत तयार होते: ४६ चे ९२. त्यात पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी तिसरी प्रत घेतली की १३७, आणि १२ मेगापिक्सेलचा साधा फोटोही अडकतो. आधी लहान करा, मग फिरवा. पीएचपी ८ पासून चित्र मेमरीतून काढणाऱ्या ‘इमेजडिस्ट्रॉय’चा काही उपयोग उरलेला नाही. मोठ्या चित्राचे व्हेरिएबल ‘अनसेट’ करावे लागते.

मर्यादा सरसकट ५१२ एमबी करणे किंवा उणे एक लिहून ती काढूनच टाकणे हा आळस आहे. पीएचपी-एफपीएमच्या (एकाच वेळी अनेक उमेदवारांच्या विनंत्या हाताळणाऱ्या पीएचपीच्या यंत्रणेच्या) २० प्रोसेस प्रत्येकी २५६ एमबी घेऊ शकत असतील तर ५ जीबी लागतात. सर्व्हर ४ जीबीचा असेल तर शेवटच्या तारखेच्या रात्री काय होते, ते सर्वांनी पाहिले आहे. वाढीव मर्यादा फक्त फोटोच्या स्क्रिप्टपुरती ठेवावी आणि ते काम रांगेत लावून मागे चालणाऱ्या एक-दोन वर्कर प्रोसेसकडेच द्यावे. जीडी पीएचपीच्या पोटातली नसून ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी लायब्ररी असेल, तर चित्राची मेमरी पीएचपीच्या मर्यादेत मोजलीच जात नाही. मग सर्व्हरची मेमरी संपली की चूक न दाखवता लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम थेट प्रोसेसच मारते.

इमेजमॅजिक या दुसऱ्या चित्र-लायब्ररीच्या नेहमीच्या १६-बिट आवृत्तीला जीडीच्या निदान दुप्पट मेमरी लागते. मात्र उघडण्याआधी ‘जेपीईजी:साइझ’ हा पर्याय दिला, तर ती जेपीईजी थेट निम्म्या, पाव किंवा एक-अष्टमांश मापात उलगडते. एक-अष्टमांशाला ८०००×६००० चे १०००×७५० होतात आणि अर्जाला तेवढे पुष्कळ आहे. नवी यंत्रणा उभारणाऱ्यांनी लिबव्हिप्स ही लायब्ररी घ्यावी. ती चित्र तुकड्यातुकड्याने वाचते.

याहून सोपे म्हणजे उमेदवाराच्या ब्राउझरमध्येच ‘कॅनव्हास’ या चित्रे हाताळण्याच्या सोयीवर फोटो लहान करून पाठवणे. दुकानाचा फेरा वाचतो, डेटा वाचतो आणि गुणपत्रिका परक्या संकेतस्थळावर जात नाही. ब्राउझरकडून आलेली फाइल बदललेली असू शकते, त्यामुळे पिक्सेलची तपासणी सर्व्हरवर तरीही ठेवावीच लागेल.

आपला,
एक वेब प्रणालीकार, नाशिक