तोरतोरच्या तासाला वादकही हवेत : इंडोनेशियाच्या संस्कृतिमंत्र्यांना खुले पत्र

मा. फादली झोन,
संस्कृतिमंत्री, इंडोनेशिया

सादर नमस्कार.

मी महाराष्ट्रातल्या शाळांत लोकनृत्य शिकवते. उत्तर सुमात्रातल्या बाटाक लोकांच्या तोरतोर या पारंपरिक नाचाबद्दल मी तुम्हाला लिहिणे हा आगाऊपणाच आहे. पण आमच्या देवीच्या गोंधळाचे काय झाले ते मी पाहते आहे. कित्येक शाळांत संबळ गेले, दिवटी प्लॅस्टिकची झाली आणि उरला गॅदरिंगमधला पाच मिनिटांचा 'फोक डान्स'.

तोरतोर वरवर पाहता सोपे. गुडघ्यांतली लयदार उसळी, खांद्यावर उलोस हे विणलेले वस्त्र, हातांच्या मोजक्या हालचाली. पण हात कसे धरायचे, हे समोर कोण आहे त्यावर ठरते. बाटाक समाज चुलीच्या तीन दगडांवर उभा आहे, असे तिथे मानतात : मुलगी देणारे घर म्हणजे हुला-हुला, आपले भाऊबंद दोंगान तुबू आणि मुलगी नेणारे घर बोरू. बोरू हात जोडून नाचत येतात, हुला-हुला त्यांच्या डोक्यावर हात पसरून आशीर्वाद देतात. सासुरवाडीच्या कार्यात बोरू असलेला माणूस बहिणीच्या सासरी हुला-हुला होतो. म्हणजे एकाच मुलाला दोन्ही भूमिका यायला हव्यात. वर्गात गट पाडून आलटूनपालटून हे करवून घेतले, तर नाच आणि नातेसंबंध एकदमच शिकून होतात. (मान वधूच्या माहेराचा! आमच्या वरपक्षाला हे पचणे कठीण.)

दुसरी गोष्ट गोंदांगची, म्हणजे तोरतोरच्या साथीच्या वादनाची. तिथे वाजले की नाचायला लागायचे, असे नसते. आधी वादकांकडे आदराने गोंदांग मागायचा : सुरुवातीला आरंभाचा मुला-मुला, मग वंदनाचा सोंबा, शेवटी समारोपाचा हासाहातान. सुरात लावलेले तागानिंग ढोल आणि सारुने हे सनईसारखे वाद्य या मागणीला उत्तर देतात. पेनड्राइव्हकडे काय मागणार? मिशनरी चर्चने भूतपूजा म्हणून गोंदांगवर बंदी घातली, तरी तो टिकला. आता समारंभांत कीबोर्ड आला आहे.

2012 मध्ये मलेशियाने सुमात्रातल्या मांडाइलिंग लोकांचे तोरतोर आपल्या वारसा-यादीत घ्यायचे ठरवले, तेव्हा तुमच्याकडे केवढी निदर्शने झाली! त्यातला थोडा जोर वादकांच्या मानधनासाठी लागला असता तर?

तुमच्याकडे 2017 चा संस्कृती-संवर्धन कायदा आहे, 2024 पासून स्वतंत्र मंत्रालयही आहे. नृत्यशिक्षकांच्या प्रशिक्षणात गावोगावच्या पारगोन्सींना, म्हणजे गोंदांगवादकांना, पदवीची अट न घालता सहशिक्षक नेमा. तोबा, कारो, सिमालुंगुन, पाकपाक, आंगकोला, मांडाइलिंग या सगळ्या समाजांचा मिळून एकच 'बाटाक नृत्य' अभ्यासक्रम करू नका. कारो लोक तर आपल्या नाचाला लांदेक म्हणतात, त्यांचे वाद्यही वेगळे. कोणता गोंदांग विधीसाठीच राखायचा, हे गावातल्या वडीलधाऱ्यांनाच ठरवू द्या.

पुढच्या अंदाजपत्रकात या वादकांच्या मानधनाची तरतूद व्हावी, ही विनंती.

आपली,
एक नृत्यशिक्षिका, महाराष्ट्र