टस्कर एक, रान एक. बैठक मात्र एकत्र नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सुगीतली गोष्ट. मी फुलेवाडीला लेकाकडे होते. रात्री साडेनऊला माहेरून, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातून, धाकट्या भावाचा फोन आला. “अक्का, टस्कर हत्ती आमच्याकडनं वर सरकलाय. दोन-तीन दिवसांत तुमच्याकडं येतोय बघ. भात शेतात ठेवू नका म्हणावं.” मी लगेच चंदगड तालुक्यात सासरी दिरांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी माणसे जमवून कापलेले भात झोडपले आणि पोती घरात आणली. तिसऱ्या पहाटे हत्ती आमच्या बांधावर उभा होता. केळी गेली, काजूची चार झाडे मोडली, पाइप तुडवले गेले. पण वर्षाचे तांदूळ वाचले.

दोन राज्यांच्या हद्दीवर हत्तीची खबर पोचवायची आमच्या घरची सोय ही एवढीच: बहीण इकडे दिलेली आणि भाऊ तिकडे. ज्याचे पलीकडे कुणी सोयरे नाहीत, त्याला हत्ती दारात आल्यावरच कळतो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सासूबाईंच्या तरुणपणी शेतात हत्ती येणे कुणाला माहीतच नव्हते. दांडेलीच्या जंगलातून हत्ती 2002 च्या सुमारास सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड-आजऱ्याकडे येऊ लागले. आधी त्यांना परत हाकलायची मोहीम झाली. 2015 मध्ये त्याच जिल्ह्याच्या माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले. तरी तिलारी खोऱ्यात हत्ती आहेतच. हाकलायचे तरी कुठे? आमच्या शिवारातून हाकलला की तो शेजारच्या गावात जातो, तिथून हाकलला की कर्नाटकात, आणि तिथून पुन्हा इकडे. दोन्ही बाजूंचे शेतकरी मशाली आणि पत्र्याचे डबे घेऊन तोच हत्ती एकमेकांच्या शेताकडे लोटत असतात. हे मी माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे रात्री जागून पाहिले आहे. त्यात माणसेही दमतात आणि ते जनावरही बिथरते.

वाघाचेही तसेच. 2022 मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला वाघ 2023 मध्ये चांदोलीत दिसला. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाकडची वाघीण आणून चांदोलीत सोडली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2014 मध्ये देशातल्या वाघांच्या संचारमार्गांचे नकाशे केले, त्यात सह्याद्री-राधानगरी-गोवा हा मार्ग आहे. 2020-21 मध्ये आपल्या सरकारने या पट्ट्यात संवर्धन राखीव क्षेत्रे जाहीर केली: तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड. चंदगडचे क्षेत्र सुमारे 225 चौरस किलोमीटर, आजरा-भुदरगडचे सुमारे 238. मध्ये 1958 पासूनचे आपले दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य, जे आता राधानगरी म्हणून ओळखतात. नातवाने हे सगळे मला नकाशावर रंगवून दाखवले, तेव्हा खरेच बरे वाटले.

पण त्या हिरव्या तुकड्यांच्या मधली पांढरी जागा म्हणजे आमची शेते आहेत. ऊस, भात, नाचणा, काजू, घाटाचे रस्ते, लोंबलेल्या विजेच्या तारा. एका रानातून दुसऱ्या रानात जायला गवा, बिबट्या, हत्ती रात्री याच जागेतून जातात. तिथे काय करायचे, हे ठरवायला सगळ्यांना एकत्र कुणी बसवलेले मला माहीत नाही. चंदगडची योजना वेगळी, सिंधुदुर्गाची वेगळी, बेळगावची वेगळी, गोव्याची वेगळी. भावाच्या भाताला भरपाईचा तिकडचा दर, माझ्या भाताला इकडचा. खाणारा हत्ती एकच. एका वर्षी आमच्या पंचनाम्याला माणूस अकराव्या दिवशी आला. तोवर तुडवलेले भात कुजून गेले होते आणि “नुकसान दिसत नाही” असे त्याने तोंडावर सांगितले. अशा वेळी शेतकऱ्याच्या मनात जनावराबद्दल जी कडवट भावना बसते, ती नंतर कोणत्याही फलकाने जात नाही. जानेवारी 2020 मध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात विष घातल्याने एकाच कुटुंबातले चार वाघ मेले. कारण काय, तर वाघांनी गुरे मारली होती. त्या बातमीने मला रात्रभर झोप लागली नाही. वाघांसाठी वाईट वाटले, आणि ज्या घरची म्हैस गेली असेल त्या घराचाही विचार आला.

वन्यजीव संरक्षण कायद्यात संवर्धन राखीव क्षेत्राबद्दल एक चांगली गोष्ट आहे, ती फार लोकांना ठाऊक नाही. एका संरक्षित जंगलाला दुसऱ्याशी जोडणारी सरकारी जमीन अशी राखीव करता येते, आणि तीसुद्धा स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून. अशा प्रत्येक क्षेत्राला व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येते तिचा एकेक प्रतिनिधी असावा, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा माणूस असावा, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे असावेत, असे कायदाच सांगतो. म्हणजे आम्हाला बसायला जागा ठेवलेली आहे. मी गावात चार जाणत्या लोकांना विचारले, आपल्या गावचा प्रतिनिधी कोण? कुणालाही सांगता आले नाही.

या समित्या खरोखर बसल्या, आणि वर्षातून दोनदा सगळ्या एकत्र बसल्या, शेजारी बेळगाव आणि गोव्याचे वन अधिकारी, महावितरण, बांधकाम खाते आणि साखर कारखान्यांचे शेती अधिकारी बसले, तर बरेच प्रश्न कागदावर तरी येतील. कुठली तार वर उचलायची, कुठल्या घाटात रात्री वाहने सावकाश न्यायची, कुठला सडा, म्हणजे डोंगरावरचे कातळी पठार, खाणीला द्यायचा नाही, कुठल्या गावातला ऊस आधी तोडायचा. सड्याला सरकारी कागदावर पडीक म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते. पावसाळ्यात सडा फुलांनी भरतो, गवे तिथे चरतात. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या छोट्या माशासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. फार चांगले झाले. पण नदी तिथून आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात जाते, तेव्हा पुढच्या गावांनीही त्या बैठकीत असायला हवे.

राज्ये वेगळी, मग एकत्र कसे बसणार, असे कुणी म्हणेल. तिलारीचे धरण महाराष्ट्र आणि गोव्याने मिळूनच बांधले. खर्च वाटून घेतला, पाणी वाटून घेतले, करार केला. त्याच धरणाच्या पाण्याने जनावरांच्या जुन्या वाटा बुडाल्या. पाण्यासाठी जमते, तर वाटेसाठीही जमले पाहिजे.

ही बैठक कोल्हापूरने बोलवावी, असे मला मनापासून वाटते. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांचे कार्यालय इथेच आहे. चांदोलीचा माणूस आणि तिलारीचा माणूस, दोघेही सकाळी निघून इथे पोचू शकतात. खानापूरचा माझा भाऊ तर पहिल्या गाडीने येईल.

तोवर एक छोटे काम आपल्या वृत्तपत्राने करावे, ही विनंती. जिल्ह्यातल्या प्रत्येक संवर्धन राखीव क्षेत्राच्या समितीवर कोणत्या गावाचा कोण प्रतिनिधी आहे, ती यादी मिळवून छापावी. जिथे नाव नसेल तिथे रिकामी जागा छापावी. आमच्याकडे भात आता पोटरीला आले आहे. दिवाळीच्या पुढेमागे भावाचा फोन येईल. त्याआधी यादी आली, तर त्या रात्री दिरांच्या बरोबरीने त्या प्रतिनिधीलाही मला फोन करता येईल.

आपली,
एक वाचक
फुलेवाडी, कोल्हापूर