पद्मिनीचे मागचे शॉकअप: शेजारच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांना,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप (धक्के जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर) आपण आपल्या सोसायटीच्या आवारात माझ्या हातून बदलून घेतलेत. त्याबद्दल मी आभार मानू लागलो, तेव्हा “त्यात काय एवढं” म्हणून आपण विषय संपवलात. मला मात्र तो तेवढ्यावर संपवता येत नाही. आपण मला त्या दिवशी जे शिकवलेत ते माझ्यापुरते राहू नये, ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी अजून उभी आहे त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने निघालेली ही गाडी मुंबईत सर्वांत जास्त वापरली ती टॅक्सीवाल्यांनी, आणि त्या टॅक्सींच्या दुरुस्तीतच आपले आयुष्य गेले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भागही मिळत आणि जाणते हातही. आता भाग शोधून तरी सापडतात, पण आपल्यासारखा जाणकार जिना उतरून स्वतः गाडीपाशी येतो, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

गाडी खड्ड्यातून गेली की मागून उसळते, एवढेच मला सांगता येत होते. मी डिकी दाबून दाखवली तर ती एकदाच वर येऊन थांबली, आणि शॉकअप ठीक असावेत असे मला वाटले. त्यावर आपण जे समजावलेत ते मी कुठेही ऐकले नव्हते. पद्मिनीला मागे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. गाडी दबते तेव्हा पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घर्षणानेच हेलकावा काही अंशी मरतो. त्यामुळे शॉकअप निकामी झाला तरी उभ्या गाडीत ते कळत नाही, धावत्या गाडीत मात्र लागोपाठच्या खड्ड्यांवर लगेच कळते. गाडीचे वजन पेलण्याचे काम पाट्यांचे असते. शॉकअपच्या आतले तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जाताना जो विरोध करते, तो पाट्याची उसळी जिरवतो. जुना शॉकअप काढून आपण माझ्या हातात दिलात आणि ओढायला सांगितलेत, तेव्हा दांडा अर्ध्या अंतरापर्यंत काहीही विरोध न करता सरकला. सुस्थितीतला शॉकअप दाबण्यापेक्षा ओढायला अधिक जड लागतो, हे नव्या जोडीवर हात ठेवल्यावर पटले.

ती नवी जोडी घेतानाही आपण घाई करू दिली नाहीत. दुकानदार “हाच बसतो” असे सांगत होता, तरी आपण पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली लांबी, दोन्ही टोकांचे माप आणि तिथल्या बुशची (रबरी कड्याची) रुंदी जुन्याशी ताडून पाहायला लावलीत. मिटलेली लांबी जास्त असलेला शॉकअप भरल्या गाडीत तळाला आपटतो आणि लवकर फुटतो, हे कारणही सांगितलेत. एकच बाजू गळत असली तरी दोन्ही एकदम बदलायचे, या बाबतीत आपण कोणतीही तडजोड मानली नाहीत, आणि ते योग्यच होते. दोन बाजूंचा विरोध वेगवेगळा असेल तर वळणावर गाडी सरळ वागत नाही.

प्रत्यक्ष कामात मला सर्वांत मोलाची वाटली ती आपली सावधगिरी. जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे हवेत आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही, हे आपण पाना हातात देण्याआधी सांगितलेत. लोखंडी घोड्या, म्हणजे उचललेली गाडी पेलणारे स्टँड, आपण मागच्या ऍक्सलखाली (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या कण्याखाली) लावायला लावल्यात. गाडीच्या सांगाड्याला आधार दिला असता तर ऍक्सल शॉकअपवरच लोंबकळला असता आणि नट सुटताच एकदम खाली आला असता. नट गंजून घट्ट बसले होते. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवायला आपण सांगितले होतेत, म्हणून सकाळी ते पान्याला वश झाले. मी गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा विषय काढला, तेव्हा पेट्रोलची टाकी मागेच आहे एवढेच बोलून आपण तो मिटवलात. घाईची सवय लागलेल्या प्रत्येक गॅरेजमध्ये आपले हे एक वाक्य पोहोचावे, असे मला मनापासून वाटते.

दुकानात आडवे पडून राहिलेले शॉकअप तसेच बसवायचे नाहीत, उभे धरून अनेकदा पूर्ण दाबायचे आणि ओढायचे, म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा निघते आणि मधला पोकळ झटका जातो, हेही मी आपल्यामुळे शिकलो. नट शेवटचे आवळायचे ते गाडीचा भार ऍक्सलवर आल्यावर, हा आपला आग्रह मला आधी केवळ काटेकोरपणा वाटला होता. ऍक्सल लोंबकळता ठेवून आवळले, तर गाडी खाली उतरताच बुशचे रबर पिळले जाते आणि पुढे कायम पिळलेलेच राहून फाटते, हे आपण बोटांनी बुश फिरवून दाखवलेत, तेव्हा त्यामागचे शहाणपण ध्यानात आले.

या सगळ्यात आपण एकदाही माझ्या हातातून पाना काढून घेतला नाहीत. आपल्याला ते काम माझ्याहून कितीतरी कमी वेळात उरकता आले असते. उन्हात स्टुलावर बसून, प्रत्येक पायरीचे कारण सांगत, आपण मला ते पूर्ण करू दिलेत. माझे आभार खरे तर या संयमासाठी आहेत.

गाडी आता घोडबंदर रस्त्यावरच्या गतिरोधकावरून उतरली की मागची बाजू एकदा दबते आणि लगेच स्थिर होते. मागे बसणाऱ्या आईनेही, कोणी न विचारता, फरक जाणवत असल्याचे सांगितले. पुढच्या चाकांच्या शॉकअपना घरी हात लावायचा नाही, कारण तिथल्या दाबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतकी ताकद असते, ही आपली ताकीद मी पाळली आहे. ते काम आपण सुचवलेल्या मिस्त्रींकडे ठरवले आहे. त्या दिवशी प्रकृती ठीक असल्यास आपण सोबत यावे, पुढच्या सीटवर बसावे आणि काही खडखड ऐकू आली तर मला सांगावे, ही नम्र विनंती.

आपला,
तळमजल्यावरचा शेजारी