फ्रॉमचे तिसरे प्रकरण गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एरिक फ्रॉम या जर्मन-अमेरिकन मनोविश्लेषकावरचा लेख वाचला. फ्रॉमबद्दल मराठीत कोणी लिहिले की बरे वाटते. पण या लेखात भेटला तो अर्धाच फ्रॉम. लेख ज्यावर बेतला आहे ते त्याचे ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ (१९५६) हे चारच प्रकरणांचे लहानसे पुस्तक आहे. प्रेम ही कला आहे का, हे पहिले प्रकरण. प्रेमाचा सिद्धान्त हे दुसरे. आजच्या पाश्चात्त्य समाजात प्रेमाची झालेली पडझड हे तिसरे. आणि प्रेमाचा सराव हे चौथे. लेखात पहिले, दुसरे आणि चौथे आले, तिसऱ्याचा उल्लेखही नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या फ्रॉमच्या वाक्यांचेही असेच होते. तिसरे प्रकरण काढले की उरतो तो सुखी संसाराच्या युक्त्या सांगणारा सल्लागार. फ्रॉमने तर तशा सल्लागारांवरच टीका केली आहे, आणि तीही याच प्रकरणात.

तिथे तो काय म्हणतो? आधुनिक भांडवलशाहीला विशिष्ट घडणीची माणसे लागतात. मोठ्या संख्येने एकत्र येऊन विनातक्रार काम करणारी, सतत जास्त वस्तू हव्या असणारी, आणि आवडीनिवडी एका साच्यातल्या असल्यामुळे ज्यांचा अंदाज आधीच बांधता येतो अशी. ही माणसे स्वतःला स्वतंत्र समजतात आणि तरीही सांगितले ते करायला तयार असतात. अशा समाजात माणूस स्वतःकडेही माल म्हणून पाहू लागतो. १९४७च्या ‘मॅन फॉर हिमसेल्फ’मध्ये फ्रॉमने याला बाजारी वृत्ती म्हटले आहे. या वृत्तीच्या माणसाला ‘मी कोण’ यापेक्षा ‘मला भाव किती’ हा प्रश्न छळतो. पहिल्या प्रकरणात त्याने म्हटलेच आहे की दोन माणसे प्रेमात पडतात तीही आपापला भाव ओळखून, त्या भावात मिळण्यासारखे उत्तम माणूस सापडले असे वाटल्यावर. आपल्याकडे ‘स्थळ’ हा शब्द आहेच. उंची, रंग, पगार, स्वतःचा फ्लॅट हे एका ओळीत मांडणारी जाहिरात ज्याने वाचली आहे, त्याला फ्रॉमचा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

सुखी संसारावरच्या सल्ल्याच्या लेखांतली उदाहरणे त्याने जवळून दाखवली आहेत. नवऱ्याने बायकोच्या नव्या कपड्यांचे आणि रुचकर जेवणाचे कौतुक करावे. तो थकून, चिडून घरी आला तर तिने समजून घ्यावे, त्याच्या धंद्यातल्या कटकटी लक्ष देऊन ऐकाव्यात, वाढदिवस विसरला तरी रागावू नये. यात वाईट काय, असे कुणीही विचारील. फ्रॉमचे उत्तर असे की हे कचेरीतल्या चांगल्या सहकाऱ्याचे वर्णन आहे. नात्याच्या यंत्राला तेल मिळते, ते कुरकुरत नाही, आणि दोन माणसे जन्मभर एकमेकांना परकी राहतात. जगाविरुद्ध दोघांची युती होते आणि त्या दोघांच्या मिळून एका स्वार्थाला प्रेम म्हटले जाते.

हे निष्कर्ष आरामखुर्चीतले नाहीत. फ्रॉमचा जन्म १९०० सालचा, फ्रँकफुर्टमधल्या सनातनी ज्यू घरातला. हायडेलबर्गला समाजशास्त्रात डॉक्टरेट घेऊन तो पुढे मनोविश्लेषक झाला. फ्रँकफुर्टच्या सामाजिक संशोधन संस्थेत १९२९ पासून त्याने कामगार आणि कनिष्ठ नोकरदारांची पाहणी केली. प्रश्नावलीत २७१ प्रश्न होते. सुमारे ३,३०० प्रती वाटल्या, १,१००च्या आसपास भरून परत आल्या. पक्ष कोणता यावर तो थांबला नाही. मुलांना अजिबात न मारता वाढवता येईल का, लग्न झालेल्या बाईने नोकरी करावी का, हेही विचारले. उत्तरे माणसाच्या स्वतःच्या शब्दांत जशीच्या तशी घेतली आणि मनोविश्लेषक रुग्णाचे बोलणे ऐकतो तशी, म्हणजे शब्दांमागे दडलेले शोधत, ती वाचली. कारण पक्षाची घोषणा पाठ असते. मुलांना मारण्याबद्दलचे उत्तर पाठ नसते, तिथे स्वभाव बोलतो. ढोबळ हिशेब असा निघाला: हुकूमशाही वळणाची १० टक्के, तिला ठामपणे नाकारणारी १५ टक्के, बाकीची ७५ टक्के मिश्र. स्वातंत्र्य, समता ही बहुतेकांची मते होती, पण त्या मतांमागे स्वभावाचे बळ थोड्यांकडेच होते. पुढे हिटलरला विरोध इतका तोकडा का पडला, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे. १९३४मध्ये फ्रॉम अमेरिकेला गेला आणि १९४१च्या ‘एस्केप फ्रॉम फ्रीडम’मध्ये त्याने मोकळेपणासोबत येणारा एकटेपणा पेलवेना झाल्यावर माणूस पळतो त्या तीन वाटा सांगितल्या: वरच्याला शरण जाणे व खालच्याला दाबणे, नासधूस, आणि चारचौघांसारखे होऊन विरून जाणे. प्रेमाच्या पुस्तकातला एकटेपणा तो हाच.

नंतर मेक्सिकोत मोरेलोस राज्यातल्या सुमारे ८०० वस्तीच्या गावाची पाहणी त्याने मायकेल मॅकोबी या संशोधकाबरोबर केली (पुस्तक १९७०). तिथे पीक आणि स्वभाव यांचा संबंध दिसला. ऊस कमी मेहनतीचा आणि हमीचा, पण उत्पन्न कमी; भात-भाजीपाल्याला कष्ट जास्त, पैसाही जास्त. दुसऱ्याकडून मिळण्याची वाट पाहण्याच्या वृत्तीचे शेतकरी उसाकडे अधिक वळलेले होते, आणि त्या वृत्तीचे मूळ जुन्या हासिएंदांतल्या, म्हणजे जमीनदारांच्या मोठ्या मळ्यांतल्या, वेठबिगारीत होते. समाजाची घडी माणसाच्या मनात कशी उतरते, हे इतक्या बारकाईने दाखवणारे काम फार थोडे आहे.

लेखातली एक गोष्ट मात्र दुरुस्त करायलाच हवी. ‘स्वतःला विसरणाऱ्या आईचे निःस्वार्थ प्रेम’ हा फ्रॉमचा आदर्श म्हणून दिला आहे. आईचे प्रेम बिनशर्त असते असे तो म्हणतो, पण मूल आपल्यापासून वेगळे व्हावे हेही आईला मनापासून हवे असले पाहिजे, असे लगेच जोडतो. स्वतःसाठी काहीच न मागणाऱ्या आईबद्दल त्याचे निरीक्षण वेगळे आहे: तिची मुले आनंदी नसतात, धास्तावलेली असतात. तिच्यावर रागावण्याचीही सोय नसते, कारण ‘तुमच्यासाठी मी किती खस्ता खाल्ल्या’ याचे ओझे डोक्यावर असते. जो स्वतःवर प्रेम करू शकत नाही, तो दुसऱ्यावरही करू शकत नाही, हे त्याचे मत सरळ आणि कडक आहे.

सरावाचा भाग लेखात आला आहे, पण घाईत. फ्रॉमने सांगितलेला एकाग्रतेचा सराव असा: सैल पण सावध बसायचे, डोळे मिटायचे, समोर पांढरा पडदा आहे असे पाहायचे, मध्ये येणारी चित्रे व विचार बाजूला सारायचे, श्वासाचा मागोवा घ्यायचा, त्याला वळण लावायचे नाही. रोज सकाळी २० मिनिटे, आणि रात्री निजण्यापूर्वी पुन्हा. गडबड होते ती दोन ठिकाणी. शिस्त बाहेरून लादली की ती टिकत नाही. ती सोडली तर चुकल्यासारखे वाटावे इतकी ती हळूहळू आपली व्हायला लागते. दुसरे म्हणजे कामाचा झपाटा वाढावा म्हणून लोक हे करतात. मग तेही भाव वाढवण्याचेच साधन होते. सरावाचा खरा रोख आत्ममग्नता कमी करण्यावर आहे. फ्रॉमचे उदाहरण बघा. बाई डॉक्टरांना फोन करून आज येऊ का विचारते. डॉक्टर म्हणतात, आज वेळ नाही, उद्या या. ती म्हणते, पण मी तुमच्या दवाखान्यापासून पाचच मिनिटांवर राहते! तिचा वेळ वाचतो म्हणून डॉक्टरांचा वाचत नाही, हे तिला दिसतच नाही. दुसऱ्याची बाजू अशी दिसेनाशी होते तिथे प्रेम अडते.

मग व्यवस्था बदलेपर्यंत प्रेम अशक्यच का? १९५५मध्ये ‘डिसेंट’ या अमेरिकन नियतकालिकात तत्त्वज्ञ हर्बर्ट मार्क्युझने फ्रॉमवर टीका केली होती, की तो माणसाला आहे त्या समाजाशी जुळवून घ्यायला शिकवतो. फ्रॉमचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आहे. भांडवलशाहीचे तत्त्व आणि प्रेमाचे तत्त्व एकमेकांत बसत नाहीत, हे तो मान्य करतो. पण प्रत्यक्ष समाज गुंतागुंतीचा असतो. निरुपयोगी माल खपवणाऱ्या विक्रेत्याला खोटे बोलावेच लागते. कुशल कामगाराला, डॉक्टरला लागत नाही. शेतकरी, कामगार, शिक्षक आपले पोट सांभाळूनही प्रेमाचा प्रयत्न करू शकतात. मात्र ते अपवाद राहू नये असे वाटत असेल तर समाजाची रचनाच बदलावी लागेल, असेही तो लिहितो.

पुरवणीने या विषयाला पुन्हा जागा द्यावी आणि त्या वेळी तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करावी, ही विनंती. वाचनगटांनी हे पुस्तक घेतले तर तिसऱ्या प्रकरणाला एक पूर्ण बैठक द्यावी, सोबत फ्रॉमचेच ‘द सेन सोसायटी’ (१९५५) ठेवावे, आणि चौथे त्यानंतरच उघडावे.

आपला,
मानसशास्त्राचा एक अभ्यासक, नाशिक