आधी तुकडा, मग मलम : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, स.न.वि.वि.

अंगावर फिकट चट्टा दिसला की आशाताई कुष्ठरोगाचा संशयित म्हणून नोंद करतात. ते योग्यच आहे. पण चट्ट्यावर कापसाचा स्पर्श कळतो, कोपरामागची नस जाड लागत नाही आणि तरीही कंबर-मांड्यांवर, ऊन न लागणाऱ्या जागी चट्टे वर्षानुवर्षे वाढत राहतात, तेव्हा मायकोसिस फंगॉइड्स आठवायला हवा. नाव बुरशीचे असले तरी तो त्वचेतला लिम्फोमा, म्हणजे कर्करोग आहे. सावळ्या कातडीवर तो फिकट डाग होऊन येतो, एरवी इसब किंवा सोरायसिससारखा दिसतो.

निदान बिघडते ते मलमामुळे. क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये, तेही चिठ्ठीशिवाय मिळते. त्याने नायट्याची कडा विरते. लिम्फोमातल्या पेशीही तात्पुरत्या ओसरतात आणि अहवाल येतो ‘साधा इसब’. म्हणून तपासणीसाठी त्वचेचा तुकडा (बायोप्सी) घेण्याआधी दोन ते चार आठवडे मलम बंद हवे. एका अहवालाने संशय फिटत नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या चट्ट्यातून पुन्हा तुकडा घ्यावा लागतो.

आमच्या शिवारात गाजर गवताची ॲलर्जीही असते. पापण्या, मान, कोपराची घडी जाड होते आणि सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा ती लिम्फोमाचा भास देते. तुकड्यासोबत प्रयोगशाळेला जाणाऱ्या मागणीपत्रावर नुसते ‘पुरळ’ लिहून भागत नाही. रुग्णाचे काम, कोणत्या ऋतूत वाढते आणि एक फोटो एवढे तरी हवे.

वृद्धांचा पेम्फिगॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटून फोड आणणारा आजार, तर फोड येण्याआधी कित्येक महिने नुसता खाजतो. त्यात दोन तुकडे लागतात : फोडाच्या कडेचा फॉर्मेलिनमध्ये, शेजारच्या चांगल्या कातडीचा मिशेल या वाहतुकीसाठीच्या द्रावणात. दोन्ही एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत पडले की इम्युनोफ्लुरोसन्सची, म्हणजे कातडीतली प्रतिपिंडे चमकवून दाखवणारी तपासणी वाया जाते. मग जतच्या शेतमजुराला पुन्हा मिरज गाठावे लागते, पुन्हा सुई, पुन्हा बुडालेला रोज.

जत, आटपाडी, शिराळ्याच्या रुग्णालयांत तुकडा कापायचे चार मिलिमीटरचे पंच, बधिर करायला लिग्नोकेन, टाक्याचे साहित्य आणि दोन वेगळ्या रंगांच्या झाकणांच्या बाटल्या ठेवाव्यात. फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट. मिशेलऐवजी सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा चोवीस तासांत पोहोचवावा लागतो, मिशेलमधला काही दिवस टिकतो. त्यामुळे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे आठवड्याला गाडीच्या दोन फेऱ्या पुरतील. या साहित्याचा आणि फेऱ्यांचा आदेश आपण काढावा.

आपले,
सांगली जिल्ह्यातील त्वचारोगतज्ज्ञ