गुरूंचं आजारपणही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुरुपौर्णिमा किंवा कोणाची पुण्यतिथी आली की आपल्या पेपरात गुरूंवर मोठा लेख येतो, मी तो आवर्जून वाचतो. पण त्यात चमत्कार असतात, उपदेश असतो आणि शेवटी एका ओळीत अमुक दिवशी समाधिस्थ झाले, संपलं. शेवटचे महिने कसे गेले, कुठला आजार होता, सेवा कोणी केली, काहीच नाही.

हे मला फार लागतं, कारण माझ्या वडिलांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा भेटायला येणारी माणसं, अगदी जवळची माणसं, उशाशी बसून सांगायची की गुरूंवर निष्ठा कमी पडली, नाहीतर हे झालंच नसतं. वडील आयुष्यभर पोथी वाचणारे, त्यांना तेव्हा बोलता येत नव्हतं, नुसते बघत राहायचे.

त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की रामकृष्ण परमहंस 1886 साली घशाच्याच कॅन्सरने गेले, घास गिळता येत नव्हता, डॉ. महेंद्रलाल सरकार औषध देत होते. रमण महर्षींच्या डाव्या हाताला गाठ आली, 1949 मध्ये ऑपरेशनं झाली तरी ती परत परत वाढली, हात कापून टाकायला ते तयार झाले नाहीत आणि 14 एप्रिल 1950 ला गेले. विवेकानंद तर 39 व्या वर्षीच गेले, डायबेटिस होता, दमा होता. यांची निष्ठा कमी पडली असं म्हणायची कोणाची छाती आहे?

आणि लांब कशाला जायचं, आपल्या खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज बघा ना. मूळ नाव मारुती कांबळी, विडीचं दुकान चालवणारा संसारी माणूस, घरातल्या माळ्यावर बसून मराठीतून बोलायचे आणि मॉरिस फ्रिडमन नावाच्या पोलिश माणसाने ते बोलणं 1973 साली इंग्रजी पुस्तकात आणलं, मग परदेशातली माणसं खेतवाडीची गल्ली शोधत यायला लागली. त्यांनाही घशाचा कॅन्सरच. पण त्यांनी तो लपवला नाही, आवाज खोल गेला तरी समोर बसलेल्यांशी बोलत राहिले, 8 सप्टेंबर 1981 ला गेले. आज गिरगावातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

काही भक्त म्हणतील असं लिहिलं की महाराजांचा मान कमी होतो. मला तसं मुळीच वाटत नाही. दुखणं अंगावर असताना माणूस कसा वागला हेच तर शिकायचं असतं, आणि ते नेमकं आपण गाळतो. मग घरात कोणी आजारी पडलं की त्याच्या वेदनेवर आणखी अपराधीपणाचं ओझं टाकतो.

20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. 1956 साली अमरावतीजवळ प्रवासातच ते गेले. आपला कोणी शिष्य नाही म्हणायचे ते, पण त्यांच्या नावाने दादरला धर्मशाळा आहे, तिथे टाटा हॉस्पिटलचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. यंदाच्या लेखासाठी आपल्या बातमीदाराला तिथे पाठवा आणि त्या लोकांशी बोलायला सांगा, एवढी विनंती.

एक वाचक,
गिरगाव, मुंबई