शंभर वर्षे टिकेल, पण कुठल्या उन्हात?

मा. संपादक,
स.न.

परवा विज्ञान पानावर आलेला नियर फील्ड लेसर तबकड्यांवरचा, म्हणजे भिंग पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन माहिती भरायच्या तबकड्यांवरचा, लेख वाचला. विषय मराठीत आणल्याबद्दल लेखकांचे आभार. पण शेवटी जाता जाता लिहिलेले 'माहिती शंभर वर्षे सुरक्षित' हे वाक्य मला सहन झाले नाही. तेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले, त्यावर विश्वास ठेवला आणि मायचा आवाज गमावून बसलो.

माय जात्यावर ओव्या गायची. आम्ही जनाबाईच्या गावचे, त्यामुळे दळताना तिच्या तोंडी जनी आणि विठ्ठल असायचेच. १९९६ साली मी त्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या. ती गेल्यावर, २००५ मध्ये, परभणीच्या एका दुकानात त्यांची सीडी करून घेतली. "सर, आता शंभर वर्षं बघायचं काम नाही," दुकानदार म्हणाला. म्हणून ती कॅसेट मी शाळेच्या स्नेहसंमेलनाला दिली. तिच्यावर नाटकाचे संगीत भरले गेले. २०१४ साली पुतणीच्या हळदीला जाते पुजले आणि सीडी लावली. ड्राइव्ह नुसता घरघरत राहिला. बायका ताटकळल्या, शेवटी त्यांनीच आठवतील तशा ओव्या म्हटल्या.

घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीत सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेसर त्यात खुणा भाजतो. ऊन आणि उष्णता लागली की तो रंग फिका पडत जातो. शंभर वर्षांचा आकडा कोणी शंभर वर्षे थांबून काढलेला नसतो. तबकड्या काही आठवडे भट्टीसारख्या उष्ण, दमट पेटीत ठेवतात आणि त्यावरून साधारण २५ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रतेचे आयुष्य गणिताने मांडतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. माझी सीडी पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात होती. लेखकांनी शंभर वर्षे लिहिताना तापमानही लिहायला हवे होते.

दुसरे, या नियर फील्ड तबकडीत ब्लू-रे डिस्कच्या कितीतरी पट माहिती मावेल हे लेखात आले, पण त्यासाठी भिंग किती जवळ न्यावे लागते ते आले नाही. अंतर २०-३० नॅनोमीटर! माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. सीडीवर थोडी धूळ बसली तरी चालायचे, कारण १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकच्या बाहेरच्या पृष्ठभागावर किरण पाऊण मिलिमीटर रुंद असतो, कण त्यात हरवून जातो. इथे तोच कण भिंगाला थेट आडवा येईल. उन्हाळ्यात आमच्या रस्त्यांवर जो फुफाटा उडतो, त्यात ही तबकडी हाताने काढायची-घालायची कशी? इतक्या जवळ न्यायच्या या खास भिंगाची, म्हणजे घन भिंगाची (सॉलिड इमर्शन लेन्स), कल्पना स्टॅनफर्डमध्ये १९९० साली मांडली गेली, तरी अशी तबकडी दुकानात आली नाही, त्यामागे ही मोठी अडचण आहे. नियर फील्डचा प्रकाश आज हार्ड डिस्कमध्ये वापरात आला आहे, तोही पक्क्या बंद पेटीत. लेखाचा गाभा खरे तर हा होता.

आणखी एक. हा लेख मला परभणीच्या बसस्थानकावर घेतलेल्या अंकात मिळाला. गंगाखेडला येणाऱ्या अंकात जाहिराती जास्त असल्या की विज्ञान पानच नसते. पैसे आम्हीही तेवढेच देतो. हे पान तालुक्याला पाठवावे, शाळेतली मुले ते कापून वहीत चिकटवतात.

मायची सीडी अजून माझ्याजवळ आहे. आता ती कापडात गुंडाळून, धान्याच्या कोठीमागे गारव्याला ठेवली आहे. फिकी पडलेली सीडी वेगळ्या ड्राइव्हवर, सावकाश फिरवून कोणा वाचकाने वाचली असेल, तर कोणत्या ड्राइव्हवर ते आपल्या पत्रातून जरूर कळवावे.

एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
गंगाखेड, जि. परभणी